मधला स्पीकर

टीपॉयवरचा चहाचा कप उचलायला म्हणून तो सोफ्यावरून उठला आणि उठता उठता त्याचा तोल गेला. तोल जाण्याचं आता त्याला फारसं काही वाटत नसे. आजारपणानंतर उजवा पाय आपल्याच तंद्रीत मागे राहायचा आणि बाकीच्या शरीराला त्याची वाट पाहत थांबावं लागायचं. डावा हात आधार शोधत टीव्हीखालच्या कपाटाकडे गेला, कपाटाची कड हुकली, मागचा वायरींचा झुबका मुठीत आला, आणि त्या झुबक्याला धरूनच तो कसाबसा उभा राहिला. पडला नाही. पण पडद्यावर जो माणूस बोलत होता त्याचा आवाज गेला.

गेला तो फक्त बोलण्याचा आवाज. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. सिनेमातल्या स्वयंपाकघरात एक बाई बशी पुसत उभी होती आणि फडकं बशीवरून फिरल्याची बारीक करकर डाव्या बाजूने येत होती. फ्रिजची घरघर होती. सोफ्याच्या मागे, भिंतीवर टांगलेल्या लहान स्पीकरांतून, कुणाच्या तरी अंगणातलं कुत्रं भुंकत होतं. रस्त्यावरून एक गाडी डावीकडून आली, खोलीच्या मधून निघून उजवीकडे विरून गेली. टेबलाशी बसलेला माणूस तोंड हलवत होता, बोट नाचवत होता, आणि त्याच्या तोंडातून काही म्हणजे काही येत नव्हतं. तो तसाच वायरींचा झुबका धरून उभा राहिला. बाई तीच बशी पुन्हा पुन्हा पुसत होती. बशी कधीच कोरडी झाली होती. त्याला एकदम कळलं की ही बाई या माणसाला सोडून जाणार आहे, तिचं ठरलंय, आणि त्या माणसाला अजून पत्ता नाही. पुढच्याच प्रसंगात बाईने कपाटातून बॅग काढली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बाईसाठी नव्हे. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला एक अख्खी गोष्ट कुणी न समजावता समजली होती.

काय झालंय हे त्याला न बघताच ठाऊक होतं. पाच स्पीकर आणि जमिनीवरचा तो धमधम करणारा खोका, या सगळ्यांची मिळून ती यंत्रणा. आणि त्यातला बोलण्याचा आवाज जवळजवळ सगळा टीव्हीखालच्या मधल्या आडव्या स्पीकरातून येतो. त्याची वायर रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या, पाठीमागून निघाली होती. यंत्राला ते कळत नाही. ते आपलं इमानेइतबारे मधल्याच्या वाटणीचं बोलणं मधल्याच्याच वाटेने पाठवत राहतं, आणि ते तिथेच संपतं. तारेचं टोक पिळून भोकात घालायचं, टोपण फिरवायचं, झालं. एका हाताने सुद्धा जमलं असतं. त्याने हात वायरींमधून सोडवून घेतला आणि तो परत सोफ्यावर जाऊन बसला. चहा गार झाला होता. तो त्याने तसाच प्यायला.

हे यंत्र त्याने घरी आणलं तेव्हा त्याचं ते मॉडेल बंद होत आलं होतं. गावातल्या मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर ऐकण्याची एक खास खोली होती, भिंतींना जाड पडदे, पायांखाली गालिचा, आणि तिथला राजा तो होता. मालक त्याला भोंगा म्हणायचा, आणि त्याला त्याचा राग येत नसे. भोंग्याशिवाय त्या दुकानात पान हलत नव्हतं. जोडपी यायची, नवरा उत्सुक, बायको कंटाळलेली. तो त्यांना मधल्या खुर्च्यांवर बसवायचा, दिवे मंद करायचा आणि बोलायला लागायचा. कुठल्या स्पीकरातून काय येतं, पाऊल मागे वाजलं की मान का वळते, आवाज मोठा असणं वेगळं आणि भरलेला असणं वेगळं. वाक्यं त्याच्या तोंडून अशी सुटायची की ऐकणाऱ्याला मध्ये बोट घालायला जागा मिळू नये. मधल्या स्पीकरवर आला की तो ठरलेला विनोद करायचा: "हा बघा, हा म्हणजे घरची बाई. सगळं बोलणं ह्याच्यातून, आणि लक्ष कुणाचं नाही!" नवरे हसायचे. बायकाही हसायच्या. एकदा त्याची स्वतःची बायको किल्ली द्यायला म्हणून दुकानात आली होती आणि अंधारात दाराशी उभी होती. दिवे लागल्यावर त्याला ती दिसली. तीही हसत होती. बायको औषधाच्या दुकानात काम करायची, चिठ्ठी वाचायची, गोळ्या काढायची, दिवसातून किती वेळा घ्यायच्या तेवढं सांगायची. तिचं बोलणं तिथेच संपायचं की काय कोण जाणे. घरी बोलायचा तो. जेवताना बोलायचा, गाडी चालवताना बोलायचा, झोपताना अर्ध्या वाक्यात झोपायचा. ती "हं" म्हणायची. त्या "हं"मध्ये होकार आहे की कंटाळा हे त्याने तीस वर्षांत कधी ऐकायचा प्रयत्न केला नव्हता, आणि ऐकणं हाच तर त्याचा धंदा होता.

मग लोकांनी घरात आवाज ऐकणं सोडून दिलं. कानात बोंडं घालून जो तो आपापला ऐकू लागला. वरची खोली मोडली, पडदे उतरवले, तिथे मोबाइलची कव्हरं टांगली गेली. शेवटचा रिसीव्हर त्याने घरी आणला: काळा, बैलासारखा जड, पुढे मुठीएवढी गोल कळ, आणि बटण दाबल्यावर क्षणभर विचार करून आतून "टक्" असा आवाज देणारा. ती टक् झाल्याशिवाय स्पीकर जागे होत नसत. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिला सोफ्याच्या बरोब्बर मध्ये बसवून, हनुवटी वर करायला सांगून, त्याने टेपने प्रत्येक स्पीकरपासून तिच्या कानापर्यंतचं अंतर मोजलं होतं आणि ते आकडे यंत्रात भरले होते. पहिला सिनेमा लावला तेव्हा मागे दार करकरलं आणि मुलगी दचकून वळली. "बाबा, कोण आलं?" त्या प्रश्नाने तो इतका खूश झाला की त्यानंतर येईल त्या पाहुण्याला तो सांगत सुटला. टीव्हीचा स्वतःचा आवाज त्याने त्याच दिवशी आतून कायमचा बंद करून टाकला. एवढुशा भोकातून आवाज ऐकायचा? छे!

दुकानात त्याला मात्र खालच्या मजल्यावर पाठवलं. धुलाईयंत्रं. तिथेही तो बोलायचा. आणि असंच एकदा एका जोडप्याला ढोल कसा फिरतो ते सांगत असताना समोरच्या बाईचा चेहरा बदलला. आधी ती हसली, मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग ती एक पाऊल मागे सरकली. तो बोलतच होता. त्याला वाटत होतं आपण नेहमीसारखं चांगलंच बोलतोय. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की आपल्या तोंडातून जे पडतंय ते शब्द नाहीत. त्यानंतरचं त्याला आठवत नव्हतं ते थेट इस्पितळातल्या छतापर्यंत.

शब्द गेले म्हणजे नेमकं काय गेलं हे त्याला कुणाला सांगता आलं असतं तर ते गेलेच नसते. डोक्यात सगळं होतं. पाणी हवंय हे होतं, पाणी कसं दिसतं, कसं घशाखाली उतरतं हेही होतं. पण तोंड उघडलं की एकच शब्द यायचा. "गॅरंटी." जन्मभर दिवसातून पन्नासदा उच्चारलेला हा शब्द तेवढा कुठल्याशा कोपऱ्यात अडकून वाचला होता. पाणी हवं असलं की गॅरंटी. पाय दुखला की गॅरंटी. पहिल्यांदा नर्स हसली, मग तोही हसला, मग हसणं संपलं. आणि दुसऱ्यांचं बोलणं? एकच माणूस समोर असलं, हळू बोललं, चेहरा दिसला, तर थोडं हाती लागायचं. पण वाक्य लांबलं की पहिला शब्द ओळखेपर्यंत चौथा येऊन आदळायचा. दोघं एकमेकांशी बोलायला लागले की नुसता दगडांचा ढीग. टीव्ही तर दिवसभर त्याच्यावर ते दगड ओतत असे, कारण त्याला पुन्हा बोलतं करायला येणाऱ्या थेरपिस्टने तसं सांगितलं होतं.

ती थेरपिस्ट तरुण होती, हसरी होती, आणि आठवड्यातून दोनदा चित्रांचे पत्ते घेऊन यायची. "काकू, त्यांच्या कानावर भाषा पडत राहिली पाहिजे. तुम्ही जे जे कराल ते बोलत करा. टीव्ही लावून ठेवा. घरात शांतता नको, शांतता फार वाईट." बायकोने ते औषधाच्या चिठ्ठीसारखं पाळलं. जन्मभर "हं" वर भागवलेली ही बाई दुकानातून आली की चप्पल काढता काढता बोलायला लागायची. "आता मी आले. आता मी पाणी उकळायला ठेवते. आता पडदा सरकवते, बाहेर ऊन आहे. ऊन. म्हणा बरं, ऊन." तो गॅरंटी म्हणायचा. ती क्षणभर थांबायची, आणि मग पुढे, "बरं. आता मी भांडी लावते." शब्द त्याच्या हाताशी येत नसत, पण ते बोलणं जिथे संपायचं तिथे तिचा आवाज किंचित खाली उतरून घोगरा व्हायचा, एखाद्या पायरीवर जपून पाऊल टाकल्यासारखा. इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नाही आपण, असं त्याच्या मनात यायचं. ते मनात शब्दांनी यायचं नाही. छातीत काहीतरी हलायचं, एवढंच.

त्या संध्याकाळी ती आली तेव्हा पडद्यावर बातम्या होत्या. बातम्यांचं तर झाडून सगळं बोलणं मधल्याच स्पीकरकडे जायचं. निवेदिका ओठ हलवत होती आणि खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"अहो, हे काय? आवाज कुठे गेला?" तिने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. वाढवला, आणखी वाढवला. मग एकाएकी जाहिरातीचं संगीत सुरू झालं आणि कपाटातले पेले थरथरले. तिने घाबरून बटण दाबून आवाज थोडा उतरवला. "बिघडलं शेवटी. किती वर्षांचं आहे ते. आता टीव्हीचंच बोलणं बंद, म्हणजे झालंच."

तिने फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत होती, बोलण्यात बापावर गेली होती, आणि फोनमधून तिचा आवाज भरभर गळत होता. "अगं, बाबांचं ते डबडं गेलं. नाही, बोलणंच येत नाही नुसतं... हो, बाकी सगळं वाजतं... हं... बघ बाई तू. ती पोरगी म्हणते शांतता नको."

त्यातलं डबडं एवढं त्याच्या हाती लागलं. आणि तिची नजर यंत्राकडे गेली ती त्याने पाहिली. ती नजर त्याला दुकानातून माहीत होती. जुनी वस्तू काढून टाकायला निघालेल्या माणसाची नजर. तो उठला. सांगायला हवं होतं. यंत्राला काही झालेलं नाही, ते ठणठणीत आहे, मीच तसं ठेवलंय, मला असंच बरं वाटतं. एवढी चार वाक्यं. पूर्वी त्याने या चार वाक्यांची चाळीस केली असती. तो पाय ओढत कपाटापाशी गेला, वाकला, आणि मधल्या स्पीकरच्या जाळीवर डावा तळहात ठेवला. मग तिच्याकडे वळला. तिने फोन ठेवला होता. तो जवळ गेला आणि तोच तळहात त्याने तिच्या तोंडावर ठेवला, अगदी हलका, जसा स्पीकरवर ठेवला होता तसा. हे आणि ते, असं त्याला म्हणायचं होतं. बोलणं. बोलणं माझ्या अंगावर येतं. यंत्राचा दोष नाही. "गॅरंटी," तो म्हणाला. "गॅरंटी."

तिचे डोळे त्याच्या हातावरून त्याच्याकडे पाहत राहिले. मग तिने त्याचा हात धरून बाजूला केला.

"गप्प बसू?" ती हळू म्हणाली. "मी बोलते ते नको आहे तुम्हाला." तो मान हलवू लागला, पण हो की नाही यातही त्याची मान आजकाल चुकायची, आणि ती कुठल्या दिशेला हलली हे त्यालाच समजलं नाही. "मला काय हौस आहे का हो? घसा बसतो माझा. दुकानात लोकांशी, घरी तुमच्याशी. बोला म्हणतात म्हणून बोलते. एक शब्द तरी परत आला का?" ती आत गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ नळ चालू होता आणि भांड्याचा आवाज मात्र येत नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मुलगी लांबलचक खोका घेऊन आली. आत एक काळी, दांडीसारखी पट्टी होती. टीव्हीखाली ठेवायची, एक वायर जोडायची, की झालं. तिने बापाला मिठी मारली, त्याच्या कानाशी मोठ्याने आणि हळूहळू बोलली, "बाबा. नवीन. आणलंय. सोपं आहे," आणि मग आईकडे वळून नेहमीच्या वेगाने सुटली. तो सोफ्याच्या मधोमध बसून होता. तिने रिसीव्हरवरची धूळ पुसली, तो पुढे ओढला, "केवढं जड आहे हे!" म्हणाली, आणि मोबाइलचा दिवा लावून पाठीमागे डोकावली. तो डोळे मिटून राहिला. आता उरलेल्या वायरीही निघतील, मागच्या भिंतीवरचे दोन लहान स्पीकर उतरतील, खिळ्यांची भोकं राहतील. पट्टीतून फक्त समोरून आवाज येईल, सगळा एकाच ठिकाणाहून, आणि तो सगळा बोलण्याचा असेल. त्याची डावी मूठ गुडघ्यावर आपोआप आवळली गेली.

"आई!" मुलगी ओरडली. "अगं, काही बिघडलेलं नाहीये! वायर निघालीये नुसती! मधल्याची!" ती हसायला लागली. "उगाच आणलं मी हे. थांब, लावते." टोपण फिरवल्याची करकर झाली. मग टक्. आणि पडद्यावरचा माणूस खोलीत येऊन बोलायला लागला.

बोलायला काय, तो अंगावर धावून आला. मधल्या दिवसांत आवाज बराच वर राहिला होता. "झालं! बघा बाबा, झालं!" मुलगी टाळ्या वाजवत होती, तीही बोलत होती, दाराशी येऊन बायकोही काहीतरी म्हणत होती, तिघांचं बोलणं एकमेकांवर चढलं आणि त्याला वाटलं की कुणीतरी आपलं डोकं धुलाईयंत्राच्या ढोलात घातलंय. तो उठला. कसा उठला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मुलीला खांद्याने बाजूला सारून तो गुडघ्यांवर आपटला, हात पाठीमागे घातला आणि नेमकी ती वायर, इतक्या वायरींतून न बघता नेमकी तीच, हिसडा मारून काढली.

पडद्यावरचा माणूस मुका झाला. मागे कुठेतरी वारा वाहत होता.

"बाबा?" मुलगी म्हणाली. तो जमिनीवर बसून धापा टाकत होता, हातात वायर घट्ट धरून. मुलीच्या चेहऱ्यावर भीती होती. "आई, हे असं का करतायत? त्यांना कळतंय का ते काय करतायत?"

बायको दारातून पुढे आली. तिने नवऱ्याच्या मुठीकडे पाहिलं, मग मधल्या स्पीकरकडे, आणि मग तिचा स्वतःचा हात हळूच स्वतःच्या तोंडाकडे गेला. "कळतंय," ती म्हणाली. "आपल्यालाच नाही कळलं. त्यांना बोलणं नको आहे गं. सहन होत नाही त्यांना. मला सांगत होते त्या दिवशी, आणि मी..." ती त्याच्याजवळ खाली बसली. तिने त्याचा घामेजलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि मान हलवली, सावकाश, त्याला दिसेल अशी. कळलं, कळलं. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. मुलगी पट्टीचा खोका घेऊन परत गेली. रिसीव्हर जागेवर राहिला.

आणि मग घर शांत झालं. बायकोने कुठलंही काम कधी अर्धवट केलं नव्हतं, हेही केलं नाही. थेरपिस्टला तिने दाराशीच काही सांगितलं, ती पोरगी पत्ते छातीशी धरून, "पण काकू, असं एकदम सगळं थांबवलं तर..." असं काहीसं म्हणत राहिली आणि बायको मान हलवत राहिली. पुढे थेरपिस्ट आठवड्यातून एकदा यायला लागली, मग येईनाशी झाली. बायको दुकानातून यायची, चप्पल न वाजवता काढायची, त्याच्यासमोर येऊन हसायची. पेला दाखवला की पाणी. गोळ्यांची डबी हलवली की औषध. खिडकीच्या पडद्याकडे बोट केलं की सरकवू का? तिचं सगळं कसं नीटस, समजायला सोपं, प्रेमाने केलेलं. त्याला एकही गोष्ट चुकीची कळत नव्हती आता. सिनेमे तो बघायचा, जुन्या डिस्क एकामागून एक. दारं, पावलं, समुद्र, मागून येणारा वारा. सुरुवातीचे दिवस तो खरोखर सुखी होता.

मग काहीतरी कमी पडायला लागलं. आधी त्याला वाटलं की स्पीकर बिघडला. त्याने उठून मागच्या दोघांना कान लावून पाहिलं, जमिनीवरच्या खोक्यावर तळवा ठेवून पाहिला. सगळं शाबूत होतं. पण संध्याकाळी दार उघडलं की त्याचे कान टवकारले जायचे आणि मग काहीच न येता तसेच राहायचे. चावी, पिशवी, नळ. चप्पलसुद्धा नाही. इतकी वर्षं खोलीतला प्रत्येक आवाज कुठून येतो ते लोकांना सांगणाऱ्याला आपल्या खोलीत काय वाजत नाहीये ते सापडेना.

ते सापडलं एका संध्याकाळी. बायको फोन घेऊन गच्चीत गेली होती. त्याला त्रास नको म्हणून आता ती फोन तिथेच घ्यायची, सरकतं काचेचं दार ओढून. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून तिचा आवाज येत होता. मुलीशी बोलत असावी. शब्द एकही ओळखता येत नव्हता, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांची गरजही वाटत नव्हती. वाक्य संपलं आणि आवाज त्या पायरीवरून खाली उतरला, घोगरा, जपून. दुसरं संपलं, पुन्हा उतरला. मध्येच ती हसली. तो सोफ्यावरून उठून दारापाशी गेला आणि फटीला कान लावून उभा राहिला. त्याचा श्वास काचेवर बसत होता. हा आवाज दगडांचा ढीग नव्हताच कधी. दगड टीव्हीचे होते, मुलीचे होते, थेरपिस्टच्या पत्त्यांचे होते. हिचं बोलणं त्यात नव्हतं. हिचं बोलणं आपल्याला कळत नव्हतं आणि तरी आपण त्याची वाट बघत होतो. हे तिला सांगायला हवं. टीव्ही नको, तू बोल. कसं सांगणार? हात कुठे ठेवणार?

तिने वळून पाहिलं. काचेला चिकटलेला त्याचा चेहरा बघून ती दचकली, मग तिचा चेहरा ओशाळला. तिने फोनमध्ये घाईघाईने काहीतरी पुटपुटून तो बंद केला, दार सरकवलं, आणि त्याच्या गालावर हात फिरवून, हात जोडल्यासारखं करून आत गेली. माफ करा. आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात असताना तो कामाला लागला. रिसीव्हर पुढे ओढायला त्याच्या अंगात बळ नव्हतं, म्हणून तो कपाटाशेजारी आडवा झाला आणि हात भिंतीच्या नि यंत्राच्या मधल्या फटीत घातला. यंत्राची पाठ गरम होती, तापलेल्या धुळीचा वास येत होता. वायर सापडली. तारेची टोकं पिंजारली होती. ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी पिळायची होती, आणि उजव्याने नुसतं धरायचं होतं. उजवा हात धरेना. त्याने वायर दातांत धरली आणि पिळली. तांब्याची चव जिभेवर आली. टोपण सैल केलं, भोक चाचपलं, तार वाकली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकली. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरत होता. दुकानात हे तो ग्राहकाशी गप्पा मारता मारता, न बघता करायचा. शेवटी तार आत गेली. टोपण फिरवलं. तो उताणा पडून राहिला, छत बघत. मग उठला, सोफ्यावर बसला, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, आणि सिनेमा लावून आवाज वाढवून तिची वाट बघत राहिला. पडद्यावरची माणसं बोलायला लागली. ती अंगावर आली, कानशिलं ठणकायला लागली. त्याने सहन केलं. ती आली की हे ऐकेल. ह्यांनी स्वतः जोडलंय, म्हणजे ह्यांना बोलणं हवंय, असं तिला कळेल. आणि मग ती बोलेल. काहीही बोलेल. आता मी आले. आता मी पाणी उकळायला ठेवते.

दाराची चावी फिरली. ती आत आली आणि उंबऱ्यातच थबकली. बोलण्याचा नुसता कल्लोळ चालला होता आणि त्याच्यासमोर तो ताठ बसला होता, डावी मूठ गुडघ्यावर, चेहरा पांढराफटक, डोळे पाण्याने भरलेले. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ती धावत आली, कपाटापाशी गुडघ्यांवर बसली, हात पाठीमागे घातला आणि चाचपत चाचपत नेमकी ती वायर काढली.

खोली शांत झाली. तिने तारेचं टोक बोटांनी नीट पिळून बाजूला वळवून ठेवलं, परत चुकून लागू नये असं. मग ती उठून त्याच्याशेजारी बसली. धावल्यामुळे तिला धाप लागली होती. तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं, डोळे पुसले. तो तिच्या ओठांकडे बघत होता. ते जरासे उघडले, काहीतरी यायच्या बेतात होतं, अगदी ओठांशी आलं होतं. आणि मग तिला आठवलं. ती हसली, आणि त्याला धीर यावा म्हणून तिने आपलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं.